आमच्या इंजिनाचा पावसाळा

‘माझ्याकडे एक इंजिन आहे’ हे वाक्य शहरात बोललं तर कोणी मान वर करून बघत नाही. फार तर समोरचा ‘हो का?’ म्हणतो आणि आपल्या मुलीच्या ॲडमिशनबद्दल सांगू लागतो. मी हे वाक्य जोह्यात बोललो. जोहे म्हणजे पेण तालुक्यातलं, हमरापूरला लागून असलेलं गाव. मी तिथला जावई. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुंबईतली जागा मुलाच्या स्वाधीन करून आम्ही दोघं हिच्या माहेरच्या घरात राहायला आलो, त्यामुळे लोक ज्या वयात आजोबा होतात त्या वयात मी घरजावई झालो. जावयाकडे इंजिन आहे म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत पाच माणसं अंगणात जमली. एकाला वाटलं, शेताला पाणी लावायचं असेल. एकाला होडीचं वाटलं. हिच्या एका म्हाताऱ्या मामांचा, जावई रेल्वेतून रिटायर झाला असा समज होता. त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते घराच्या मागे जाऊन बघून आले.

मी आतून शेवयांचा डबा आणला, झाकण काढलं, तेलकट फडकं उलगडलं आणि इंजिन तळहातावर ठेवून पुढे केलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेजारचे भाऊ म्हणाले, “दाजी, हे पिल्लू झालं. ह्याची आई कुठं हाय?”

आई नाही. हे असंच असतं. हे छोट्या, खेळातल्या विमानाचं इंजिन. ‘खेळातल्या’ म्हटलं की पुन्हा गैरसमज होतो, कारण ह्यात खोटं काही नाही. अडीच सी.सी.चं आहे, जुन्या दीडशे सी.सी. स्कूटरच्या इंजिनात अशी साठ मावतील. पण सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, सगळं जिथल्या तिथं. जात डिझेलची, म्हणजे ठिणगी पाडायला प्लग वगैरे नाही. डोक्यावर एक आडव्या दांडीचा स्क्रू असतो, तो पिळून दाब कमीजास्त करायचा आणि पंख्याला बोटानं झटका द्यायचा. लागलं तर मिनिटाला दहा हजारांच्या घरात फिरतं. नाही लागलं तर बोट सुजतं. खाणं म्हणाल तर साधारण सारख्या वाट्यांनी इथर, रॉकेल आणि एरंडेल. लहानपणी दर महिन्याच्या एका रविवारी नाक दाबून आमच्या घशात एरंडेल ओतलं जायचं, तेव्हा आम्हालाही अशीच गती येत असे. पण त्यामागे हे शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं.

इंजिन दादाचं. माझा थोरला भाऊ. कॉलेजात तो एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होता, आणि तिथल्या मुलांना विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवत. बाकीची मुलं सर्टिफिकेट मिळेपर्यंत करत. दादा त्यानंतरही करत राहिला. १९७४ साली त्यानं हे इंजिन कलकत्त्याच्या एका दुकानातून व्ही.पी.नं मागवलं. बाल्सा लाकडाचं विमान, त्याला दोन लांब तारा, तारांचं दुसरं टोक दादाच्या मुठीत, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतंय असा तो प्रकार. मी विमान धरून ठेवायचो आणि त्यानं हात वर केला की सोडायचो. माझ्या विमानविद्येची हद्द एवढीच. १९७८ साली दादाचं लग्न झालं आणि विमान जमिनीवर आलं ते आलंच. इंजिन ग्लुकोज बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर गेलं. २०१९ साली दादा गेला. वर्षभरानं वहिनींनी माळा आवरला आणि तो डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “भावोजी, तुम्हीच घ्या. तुम्हालाच ठाऊक ते काय होतं.”

डबा बाहेरून इतका गंजला होता की झाकण बोटात आलं. आत इंजिन जसंच्या तसं. फक्त जाम झालेलं. पंखा धरून फिरवलं तर तसूभर हलेना. पण गंज नव्हता, आणि ते का नव्हता हे पुढं कळलं. तोवर त्याला घेऊन मी जोह्याला आलो होतो, आणि गंजायला जगात ह्याहून चांगली जागा मिळणं कठीण आहे.

हा सगळा खारेपाट. एका बाजूला खाडी, तिच्यालगत खारजमिनी, वरून वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. आमच्या घरात जूनमध्ये आणलेल्या सेफ्टी पिनेला गणपतीपर्यंत नुसतं ‘पिन’ म्हणावं लागतं, सेफ्टी राहत नाही. कडी लावताना हाताला तपकीर लागते. छत्रीच्या काड्या आतल्या आत कुजतात आणि ऐन पावसात छत्री एका बाजूनं मान टाकते. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं गंजला नाही म्हणून आपण कौतुक करतो. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे अंगावर एक संरक्षक थर बसला आहे, हे खरं. पण दिल्लीची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, हेही सांगायला हवं. त्या स्तंभाला एक पावसाळा आमच्या पडवीत काढू दे, मग बोलू.

लोखंडाचं गणित असं, की हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास चढली की गंजाला जोर येतो. त्यात मीठ असलं तर विचारायलाच नको. मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच पाणी होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं काय होतं हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. तसाच मिठाचा एखादा कण खाडीवरून येऊन लोखंडावर बसला, की त्याचा तिथल्या तिथं खारट थेंब होतो आणि त्या थेंबाखाली लोखंड खायला सुरुवात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ऐंशीच्या खाली उतरली तर माणसं आभाळाकडे बघतात.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गंजानं काय बिघडतं? काचपेपर मारावा, झालं. इथंच खरी गोम आहे. ह्या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. पोलादी नळी आणि तिच्यात घासून घासून नेमका जुळवलेला बिडाचा पिस्टन, एवढ्यावर सगळा दाब. ह्या दोघांमधली फट केसापेक्षाही कितीतरी बारीक. तिथं मोहरीएवढा डाग पडला आणि तो घासून काढला, तर तेवढ्या वाटेनं दाब निसटतो आणि इंजिन कायमचं मुकं होतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे नुसताच पोखरत नाही, फुगून अडकवूनही ठेवतो. नवा पिस्टन मिळत नाही. दादाही मिळत नाही.

म्हणून मी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणजे हिचे चुलतभाऊ, गणपतीचे कारखानदार. पेणचे गणपती जगभर जातात आणि त्यातले कितीतरी मुळात जोहे-हमरापूरकडचे असतात. गावात ज्या घरात डोकवाल तिथं सोंडा वाळत घातलेल्या. ओल म्हणजे काय हे ह्या लोकांइतकं कोणाला कळणार? पाऊस लागला की मूर्ती वाळत नाहीत, न वाळलेल्या मूर्तीवर रंग धरत नाही, आणि तारीख तर पंचांगानं ठरवलेली. मग ताडपत्र्या, पंखे, हॅलोजनचे दिवे आणि रात्रीची जागरणं.

भाऊंनी इंजिन दोन बोटांत धरून सगळीकडून बघितलं. डोळ्यांची आखणी करताना बघतात तसं.

“किती वरसं टिकवायचं हाय?”

“पुढली चाळीस तरी.”

भाऊ मनापासून हसले. “दाजी, आमचा माल दहा दिवस टिकला का आमी सुटलो. टिकवायचं आमाला काय इचारता?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अख्खं गाव वर्षभर राबून जे करतं ते अनंत चतुर्दशीला पाण्यात जावं म्हणूनच करतं. ह्यांच्या मालाबद्दल तक्रार येते ती विरघळला म्हणून नाही, विरघळला नाही म्हणून! शाडू विरघळतो, प्लॅस्टर विरघळत नाही, आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाची २०२० सालची नियमावली आल्यापासून तर ही तक्रार कोर्टाच्या पायऱ्या चढून आली. अशा गावात काहीतरी टिकवायला निघालेला मी एकटा. तरीही भाऊ म्हणाले, “पण ओल कशी ती सांगतो. ओल खालून नाय येत, कोंडल्यावं येते. कोंडू नका.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण त्यानंतर गावातून जो सल्ल्यांचा पाऊस पडला त्यात बहुतेकांचं म्हणणं कोंडा असंच होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, असं तिघांनी सांगितलं. नुसत्या पिशवीत इंजिनाबरोबर जोह्याची हवाही बांधली जाते. रात्री गारवा आला की तिच्यातलं पाणी इंजिनाच्याच अंगावर उतरतं. तांदळात पुरून ठेवा, असं दोघींनी सुचवलं. पावसाळ्यात आमचे तांदूळच उन्हात घालावे लागतात, ते कोणाची ओल ओढणार? मामांनी खोबरेल सांगितलं. मामांना सगळ्यावर खोबरेलच चालतं, पण ते काही महिन्यांत खवट होतं आणि खवट तेलात आम्ल आलं. ग्रीस फासा, असं एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, ते एरवी चुकीचं नाही. पण जोह्याची हवा म्हणजे अर्धी गणपतीची पावडर. दिवसभर सगळीकडे काचपेपर चाललेले. उघड्या ग्रीसवर ती धूळ बसली की तयार होतं ते पॉलिश करायचं मलम, आणि आम्हाला नेमकं तेच नको.

कापराचा सल्ला मात्र मी गंभीरपणे घेतला. जुने मिस्त्री हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या टाकत. कापूर हळूहळू उडतो आणि त्याचा पातळसा थर लोखंडावर बसतो, असं त्यामागचं गणित. हीच युक्ती सुधारून आता गंजरोधक कागद निघाले आहेत. त्यांच्यात मुरवलेलं रसायन वाफेच्या रूपानं बाहेर येऊन धातूवर बसतं. नवी बेअरिंगं ब-याचदा तसल्या कागदात गुंडाळून येतात. पेणच्या एका बेअरिंगवाल्याकडून मी ते मागून आणतो. तो दुकानदार मला काहीही विचारत नाही, आणि हे मला फार आवडतं. कापूर आणताना मात्र मी देव्हाऱ्याकडून डब्याकडे जाताना पकडला गेलो आणि ‘देवापेक्षा इंजिन मोठं झालं का?’ ह्या प्रश्नाला उत्तर देणं मी टाळलं.

पुतण्या ह्यूस्टनला असतो. त्याला हा छंद बापाकडून न शिकताच आला. त्याची इंजिनं दुसऱ्या जातीची, मिथेनॉलवर चालणारी. मिथेनॉल म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. हवेतलं पाणी पिऊन घेतं, आणि त्यात वर नायट्रोमिथेन घातलेलं असलं तर उरलेल्या इंधनाची आम्लं होतात. बॉल बेअरिंगं सगळ्यात आधी जातात. त्यामुळे उड्डाण संपल्यावर टाकीतलं इंधन जाळून संपवायचं, मग आत दोन-चार थेंब चांगलं तेल सोडायचं आणि पंखा हातानं फिरवून ते सगळीकडे पोचवायचं, हे त्या लोकांचं नित्यकर्म. ह्यूस्टनही दमट आहे, त्यामुळे आमचं फोनवर फार जमतं. मी त्याला तो सुप्रसिद्ध निळा-पिवळा फवारा मारू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “काका, डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्रांसाठी काढलं. चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. पाणी हटवायला उत्तम. पण ते उडून जातं, वर्षभर राखणीला बसत नाही.” चाळिसाव्या प्रयत्नापर्यंत धीर धरणारी माणसं आणि त्यांचं औषध चार महिनेही धीर धरत नाही, ह्याची मला गंमत वाटली.

मग त्यानंच सांगितलं, की बाबांचं इंजिन इतकी वर्षं का गंजलं नाही. एरंडेल! तापलेल्या लोखंडावर ते भाजून घट्ट होतं, काकवीच्या रंगाचा चिवट लेप तयार होतो. त्या लेपानंच इंजिन जाम केलं होतं आणि त्या लेपानंच वाचवलं होतं. “गरम केलं की तो मऊ होतो. मग पुसून साफ कर आणि नवं तेल घाल. फुकट जाईल नाहीतर.”

आणि मी दोन महिने काही केलं नाही.

त्याला कारण सांगणं कठीण आहे. ते तेल दादानं घातलेलं होतं. शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी त्यानं टाकीत जे ओतलं त्यातलं. दादाचा सदरा नाही, अक्षर फारसं नाही, चष्मा वहिनींकडे. माझ्याकडे होतं ते हे, नळीच्या आत वाळलेलं काकवीच्या रंगाचं एरंडेल. ते पुसून टाकलं की इंजिन चालू होणार. पण मग ते कोणतंही इंजिन झालं. तसंच ठेवलं तर जन्मात गंजणार नाही, आणि जन्मात फिरणारही नाही. ही म्हणाली, “वहिनींना विचारा.” बायका अशा वेळी फार सोपं बोलतात.

वहिनींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अहो भावोजी, ह्यांना बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर चालायचं नाही. एक तर दुरुस्त करा म्हणायचे, नाहीतर मोडीत घाला. तुम्ही तेल कसलं जपताय?”

दुसऱ्या दिवशी मी इंजिन घेऊन भाऊंच्या कारखान्यात गेलो. हॅलोजनच्या दिव्यासमोर वीस-पंचवीस कच्चे गणपती ओळीनं वाळत बसले होते. त्यांच्या पुढ्यात, दिव्याच्या अगदी तोंडाशी, भाऊंनी माझं इंजिन ठेवलं. अर्ध्या तासात कारखान्यात एरंडेलाचा वास सुटला. कारागीर पोरांनी नाकं मुरडली. मला मात्र एकदम कॉलेजचं मैदान आठवलं, आणि वर केलेला हात. भाऊंनी फडक्यानं पंखा धरून हळूच ढकलला. आधी कुरकुरला, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. फडक्याला लागलेला तो तपकिरी डाग मी धुवायला टाकला नाही. ते फडकं कुठं आहे हे फक्त मला ठाऊक आहे.

२०२३ च्या डिसेंबरात पुतण्या आला तेव्हा इंजिन लावायचं ठरलं. एरंडेल वाण्याकडे मिळालं. इथर ओळखीच्या एका केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी, मी काय करणार आहे हे तीनदा विचारून, दिलं. रॉकेल मिळवायला मात्र तीन आठवडे लागले. ज्या रॉकेलसाठी आम्ही बालपणी कॅन घेऊन रांगा लावल्या ते आता इथरपेक्षा दुर्मिळ झालं आहे! अंगणात फळीला इंजिन आवळलं. पुतण्यानं स्क्रू पिळला, बोटानं झटके दिले. चौदा झटके मी मोजले. पंधराव्याला जे काही झालं त्यानं कोंबड्या छपरावर गेल्या आणि मामा माजघरातून बाहेर आले. वाटीएवढ्या त्या इंजिनातून असा कर्कश आवाज निघत होता की भिंतीपलीकडच्या कारखान्यातले काचपेपर थांबले. वहिनी कानावर हात ठेवून उभ्या होत्या. हसत होत्या की काय ते कळलं नाही.

“दाजी,” भाऊ माझ्या कानात ओरडले, “आवाज आईवर गेलाय!”

तेव्हापासून दर वर्षी दोनदा आम्ही ते लावतो. एकदा मे महिन्याच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आधी. आणि एकदा दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या नावाखाली. मेमध्ये लावलं की टाकी कोरडी होईपर्यंत चालू द्यायचं, गार झालं की आत तेलाचे थेंब, हातानं दहा-बारा फेरे, बेअरिंगवाल्याचा कागद, वरून सुती फडकं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या. ह्या पुड्या मी बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवतो. नात्यातल्या कोणीही नवे बूट घेतले की मला फोन येतो. भाऊंचा नियम मोडल्यासारखा दिसेल, पण कोंडायचंच तर ओल खाणारं कोणीतरी बरोबर कोंडावं, असा मी त्याचा अर्थ लावला आहे. महिन्यातून एकदा खडे मंद आचेवर तापवून कोरडे करायचे. रंग बदलणारे निळे खडे विषारी असतात, म्हणून ह्या कामाला स्वयंपाकघराबाहेरची एक वेगळी जुनी कढई आहे. ती मी रीतसर मागून घेतलेली आहे.

शेवयांच्या डब्याचं तसं झालेलं नाही. तो डबा हिच्या आईचा, पितळी, कल्हई केलेला, आणि त्याचं झाकण असं बसतं की आजच्या कुठल्या प्लॅस्टिकला जमणार नाही. मी स्टीलचे दोन डबे आणून दिले. ही ते घेते, त्यात शेवया भरते, आणि पावसाळ्यात त्या मऊ पडल्या की माझ्याकडे बघते. मागच्या आठवड्यात डबा उघडला तर इंजिनाच्या कागदाशेजारी एक छोटी पुरचुंडी होती. सोडून बघितली. आत शेवया होत्या. कोरड्या ठणठणीत. कापराचा वास येत होता, तेव्हा खीर काही करता येणार नाही. पण हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.